एकसष्ट पाठभेद

"नाव जरा लांब हवं," कुलगुरू म्हणाले. "आखूड नावाला कोणी पैसे देत नाही."

त्यांच्यासमोर विद्यापीठातील सर्व विभागांची यादी होती आणि तिच्यातली निम्मी नावे पेन्सिलीने खोडलेली होती. इतिहासाचे ‘वारसा पर्यटन’ होऊन गेले होते. भूगोलाचे ‘अवकाशीय नियोजन’ झाले होते. तत्त्वज्ञान विभागात एकही विद्यार्थी उरलेला नसल्यामुळे त्याला नवे नाव देण्याची निकड नव्हती. त्याची खोली झेरॉक्स यंत्रासाठी राखून ठेवण्यात आली होती. मराठीची पाळी साडेबाराला आली, म्हणजे जेवणाच्या जरा आधी.

"कंधारकर सर, तुमच्या एम. ए.चं सध्याचं नाव वाचा बरं."

"एम. ए. मराठी. विशेष विषय, प्राचीन साहित्य आणि पाठसंपादन."

"हे वाचून तुमचा सख्खा पुतण्या तरी प्रवेश घेईल का?"

"माझा पुतण्या पुण्यात फार्मसीला आहे."

"तेच म्हणतोय मी."

कुलगुरू मूळचे रसायनशास्त्राचे. बाटलीवरची चिठ्ठी बदलल्याने आतले द्रव्य बदलत नाही, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक असायला हवे होते. त्यांच्या उजव्या हाताला गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख औताडे मॅडम बसल्या होत्या. त्या व्यवस्थापनशास्त्र शिकवत, निदान पूर्वी शिकवत असत. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. सप्टेंबरात मूल्यांकन समिती येणार. मागच्या वेळी वरची श्रेणी अगदी थोडक्यात हुकली, कारण पाच वर्षांत एकही नवा अभ्यासक्रम सुरू झालेला नव्हता. वरची श्रेणी मिळाली की शुल्क ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे येतो. म्हणजे आधी नवे अभ्यासक्रम, त्यांच्या जोरावर श्रेणी आणि श्रेणीच्या जोरावर शुल्क.

"नवा म्हणजे किती नवा?" मी विचारले.

"नाव नवं असलं की अभ्यासक्रम नवा, सर. समिती नाव बघते. आत कोण बघतंय?"

मी चार मिनिटे विचार केला. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नव्हे. पण त्या खोलीत इतक्या कमी वेळात इतके चोख नाव दुसऱ्या कोणाला सुचले नसते, हे मला तेव्हाही कळत होते आणि त्या कळण्यात सुख होते. मी म्हणालो, "एम. ए., भाषिक संपदा व्यवस्थापन."

कुलगुरूंनी ते नाव तोंडात घोळवून पाहिले. मग ते औताडे मॅडमकडे वळले. "किती?"

"छत्तीस हजार."

"चाळीस बसतील का?"

"सर, मराठी आहे."

"बरं, छत्तीस." त्यांनी आकडा लिहिला. जुने शुल्क अठराशे साठ होते. "आणि कंधारकर सर, तुम्हाला काय पाहिजे? इतक्या लोकांनी इथे बसून काही ना काही मागून घेतलं, तुम्ही गप्पच."

मी कपाटे मागितली. विभागाच्या मागच्या खोलीत अकराशे चाळीस पोथ्या होत्या. मठांतून, देवळांतून, कोणाकोणाच्या माळ्यांवरून तीस वर्षांत गोळा केलेल्या. त्या उघड्या फळ्यांवर होत्या आणि त्या खोलीच्या भिंतींना ओल होती. लोखंडी कपाटांसाठी मी नऊ वर्षे अर्ज करत होतो. त्या अर्जांची एक स्वतंत्र फाइल झाली होती आणि तिलाही ओल लागली होती.

"श्रेणी येऊ दे. चार कपाटं देतो."

"अभ्यासक्रमात बदल काय करायचे?"

"छापलेला आहे ना?" कुलगुरू उठत म्हणाले. "मुखपृष्ठ बदला."

पुढच्या आठवड्यात मी माझ्या अकरा विद्यार्थ्यांना सांगितले, की त्यांनी जूनमध्ये ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तो पूर्वलक्षी प्रभावाने दुसरा झाला आहे. कोणी काही विचारले नाही. विद्यापीठाच्या परिपत्रकांना प्रश्न विचारायचे नसतात, एवढे शिक्षण त्यांना पदवीपर्यंत मिळालेले होते. मग मी वेळापत्रकात होता तो धडा घेतला. तो नेमका तोच धडा असावा, ही योजना माझी नव्हे. वेळापत्रक मे महिन्यातच छापले गेले होते.

धडा असा. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित प्रती असतात. नक्कल करणाऱ्याच्या हातून शब्द बदलतात, गळतात, घुसतात. त्या प्रत्येक फरकाला पाठभेद म्हणतात. दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून सर्व पाठभेद नोंदवायचे आणि मगच काय ते बोलायचे. मी टेबलावर दोन पोथ्या ठेवल्या, एकीला ‘अ’ म्हणालो, दुसरीला ‘आ’.

"आ प्रतीवर ग्रंथाचं नाव निराळं आहे. म्हणजे हा ग्रंथ निराळा का?"

"नाही सर," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"आतल्या ओव्या त्याच हायेत."

"मग नाव का बदललं?"

"नवा धनी असंल, सर. त्याला आपल्या नावचा नवा ग्रंथ पाहिजे असंल."

"आणि धन्याला हे कळलं नाही?"

"धनी कशाला वाचतोय, सर? त्याला पोथी देवघरात ठेवायची असंल."

वर्ग हसला. मीही हसलो. ती महानंदा गायसमुद्रे. उदगीरकडच्या एका गावाहून आली होती; आई अंगणवाडीत मदतनीस. जुन्या पोथ्यांतली अक्षरवटिका तिने तीन आठवड्यांत आत्मसात केली होती, ज्याला मला स्वतःला दोन वर्षे लागली होती. त्या दिवशी मी तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही, की धन्याला खूश करण्यासाठी मुखपृष्ठावर जे लिहिलेले असते ते पाठात धरायचे नसते. दुसरी म्हणजे पुष्पिका. पोथी लिहून संपली की शेवटच्या पानावर लेखनिक आपले नाव, गाव, तिथी लिहितो आणि चुकांची क्षमा मागतो. अख्ख्या पोथीत त्याचे स्वतःचे एवढेच शब्द. "तेवढ्यावरून आपल्याला कळतं," मी म्हणालो होतो, "की हे कोणा माणसाने लिहिलं आहे."

तिने ते वहीत लिहून घेतले.

ऑगस्टच्या शेवटी शिष्यवृत्ती विभागाचे लिपिक मोमीनभाई माझ्या खोलीत आले. त्यांच्या मागे दारात महानंदा उभी होती. मोमीनभाई बावीस वर्षे त्या खिडकीवर बसत होते आणि तिच्याबाहेर क्वचितच येत.

"सर, ह्या पोरीचा फॉर्म परत आलाय. समाजकल्याणच्या यादीत तुमचं नवं नावच नाही."

"येईल ना यादीत."

"कसं येईल, सर? नवा कोर्स, विनाअनुदानित. मंजुरीला दोन वर्षं धरा. तोवर शिष्यवृत्ती नाही, फी माफी नाही. पूर्ण छत्तीस हजार."

"मग?"

"काही नाही, एक पत्र लागतं तुमचं. नाव तेवढं बदललंय, कोर्स तोच आहे, असं विभागप्रमुखानं लिहून दिलं की मी जुन्या क्रमांकावर चढवतो. पाच मिनिटांचं काम."

"आणि शुल्क?"

"कोर्स जुना तर फी जुनी, सर." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "चौदा नोव्हेंबर शेवटची तारीख आहे. नाही झालं तर परीक्षेचा अर्ज घेणार नाहीत. हिच्या आईचं दीड वर्षाचं मानधन होतं ते."

उरलेल्या दहांपैकी सहा जण नोकरीतले शिक्षक होते, त्यांना वेतनवाढीपुरती पदवी हवी होती. चौघांनी कुठून कुठून गोळा करून पैसे भरले होते. असे पत्र एकदा दिले की त्या दहांनाही जुने शुल्क लागू होणार आणि नंतर नाव बदललेल्या पंधरा विभागांनाही, हे मला त्या क्षणी दिसले. मोमीनभाईंनाही दिसले असावे.

"देतो," मी म्हणालो. "समिती येऊन जाऊ दे."

"देतील सर," मोमीनभाई दारातल्या मुलीला म्हणाले. "म्हणाले म्हणजे देतील. ह्यांचं तसं नाही."

मी पत्र देणार होतो. हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत पुष्कळदा तपासून पाहिले आहे. त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रतीचा आधार मिळत नाही.

समितीपुढे विद्यार्थ्यांतून कोण बोलणार, असे औताडे मॅडमनी विचारले तेव्हा मी महानंदाचे नाव दिले. ती वर्गातली सर्वांत हुशार होती, हे कारण खरे होते. मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावून नखशिखान्त न्याहाळले आणि तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "छान आहे. प्रवर्गातली मुलगी बोलली की समावेशकतेचेही गुण बसतात." मग तिच्याकडे वळून, "पाठसंपादन म्हणायचं नाही हं, बाळा. आशय व्यवस्थापन. आणि ‘हायेत’ नाही, ‘आहेत’."

"बरं, मॅडम."

"आणि मराठीचाच जुना कोर्स आहे का, असं विचारलं तर?"

महानंदाने माझ्याकडे पाहिले. "काय म्हणू, सर?"

"नवा आहे म्हण," मी म्हणालो.

"पण सर, मोमीनभाईंचं पत्र…"

"ते वेगळं. हे वेगळं."

समितीत तिघे होते. अध्यक्ष एक निवृत्त कुलगुरू, दाट भुवयांचे, आणि दुर्दैवाने वाचणारे. विद्यार्थ्यांशी संवाद सभागृहात झाला. गळ्यात नव्या निळ्या फिती अडकवलेले चाळीस विद्यार्थी पुढच्या रांगांत बसवलेले होते. अध्यक्षांनी आमची अभ्यासपत्रिका चाळली, परत चाळली, आणि विचारले, "भाषिक संपदा व्यवस्थापनाचं कोण आहे?"

महानंदा उभी राहिली.

"हा तर जुन्या मराठीच्या एम. ए.सारखा दिसतो. कव्हर बदललंय फक्त. असं मी म्हटलं तर?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी कुलगुरूंकडे पाहिले. कुलगुरू छताकडे पाहत होते.

"नाही सर," ती म्हणाली. "पूर्ण नवा आहे."

"नवं काय आहे ते सांग."

हे तिला कोणी पढवलेले नव्हते. ती म्हणाली, "आधी पोथी वाचायला शिकवत होते, सर. आता पोथीची किंमत करायला शिकवत हायेत."

अध्यक्ष मोठ्याने हसले. त्यांच्या भुवया खाली आल्या. "वा! हे वाक्य जसंच्या तसं घ्या," ते सचिवाला म्हणाले. "नाव काय तुझं? तेही घ्या."

सभागृहाबाहेर तिने मला गाठले. चेहरा घामाने भिजला होता आणि त्यावर हसू होते. "बरोबर बोलले ना, सर?"

"उत्तम."

"मग पत्र, सर?"

"श्रेणी जाहीर होऊ दे. आठवडाभराचा प्रश्न आहे."

श्रेणी ऑक्टोबरच्या अखेरीस आली, हवी होती तीच. मुख्य इमारतीत पेढे वाटण्यात आले. नोव्हेंबरच्या सात तारखेला चार लोखंडी कपाटे विभागाच्या दारात उतरली; करड्या रंगाची, कुलूपकिल्लीसह. मी कपाटाच्या पत्र्यावर हात फिरवून पाहिला. थंड आणि कोरडा होता.

त्याच दुपारी शिष्यवृत्ती विभागाकडून माझ्याकडे एक नस्ती आली. मोमीनभाईंनी पत्राची वाट पाहून कंटाळून महानंदाचे प्रकरण रीतसर समाजकल्याणकडे पाठवले होते आणि समाजकल्याणने विचारले होते : सदर अभ्यासक्रम जुना की नवा? विभागाचा अभिप्राय कळवावा. मी नस्ती घेऊन औताडे मॅडमकडे गेलो. त्यांनी चहा मागवला.

"सर, हा तोच कोर्स आहे असं तुम्ही लिहून दिलंत, तर आपण समितीला खोटं सांगितलं हे लेखी होईल. श्रेणी जाईल. तुमची कपाटंसुद्धा त्याच हिशेबातली."

"पण खरं तर आपण खोटंच सांगितलं."

"आपण कुठं सांगितलं?" त्यांनी समितीचा छापील अहवाल उघडला आणि माझ्याकडे वळवला. "तिनं सांगितलं. पान सत्तेचाळीस."

तिथे ते वाक्य होते, अवतरणचिन्हांत, तिच्या पूर्ण नावासह. समितीने तिची भाषाही तपासून घेतलेली होती.

"हेच पान जोडा," मॅडम म्हणाल्या. "विद्यार्थिनीचं स्वतःचं म्हणणं आहे. ह्यापुढे आपण काय बोलणार? साखर घालू का चहात?"

मी अभिप्राय लगेच लिहिला नाही. नस्ती पाच दिवस माझ्या टेबलावर पडून होती. त्या पाच दिवसांत मी पोथ्या लावत होतो.

बारा तारखेला सकाळी महानंदा आली तेव्हा मी शिडीवर होतो आणि शेवटचे कपाट अर्धे रिकामे होते. ती आत आली, तिने पोथ्यांचे बस्ते उचलले आणि एकेक करून मला वर द्यायला लागली. लाल कापडात बांधलेले, ओलीचा वास येणारे बस्ते ती दोन्ही हातांवर आडवे धरून देत होती, जसे द्यायला मी शिकवले होते. वीसेक बस्ते झाल्यावर ती म्हणाली, "सर, एक दाखवायचं होतं."

मी खाली उतरलो. तिने पिशवीतून आखीव कागद काढून टेबलावर ठेवले. बारा पाने. पहिल्या पानाच्या डोक्यावर, तिच्या त्या सरळ टांगलेल्या अक्षरात, लिहिले होते : प्रत अ, मराठी एम. ए. अभ्यासपत्रिका. प्रत आ, भाषिक संपदा व्यवस्थापन अभ्यासपत्रिका.

तिने दोन्ही अभ्यासपत्रिका ओळीला ओळ लावून तपासल्या होत्या. डाव्या रकान्यात अ, उजव्या रकान्यात आ, मध्ये पानाचा आणि ओळीचा क्रमांक. एकूण पाठभेद एकसष्ट. त्यांतल्या एकोणीस ठिकाणी ‘ग्रंथ’चा ‘आशय’ झाला होता आणि तेवीस ठिकाणी ‘संपादन’चे ‘व्यवस्थापन’. उरलेले एकोणीस मुखपृष्ठ, शीर्षके आणि पानांच्या डोक्यावरच्या ओळी यांतले. आठव्या पानावर तिने एक निराळीच नोंद केली होती. तिसऱ्या पत्रिकेच्या संदर्भयादीत एकच ग्रंथ चुकून दोनदा छापला गेला होता. अ प्रतीत तो दोनदा होता आणि आ प्रतीतही दोनदा, त्याच जागी. समासात तिने लिहिले होते : समान चूक. सबब आ ही अ वरूनच उतरवलेली.

समान चूक ही आमच्या विद्येतली सर्वांत बळकट साक्ष. शब्द दोघांना स्वतंत्रपणे सारखे सुचू शकतात, चुका सुचत नाहीत. हे मी त्या वर्षी अजून शिकवलेले नव्हते. ते दुसऱ्या सत्रात येते.

मी अर्धा तास वाचत होतो. ती उरलेल्या बस्त्यांच्या गाठी घट्ट करत होती. बाराव्या पानापर्यंत पोचण्याआधीच मी थांबलो. तीस वर्षांत एम. ए.च्या विद्यार्थ्याने केलेले याहून चांगले काम माझ्या हाती आलेले नव्हते. मी खिशातून लाल पेन काढले आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहिले : उत्कृष्ट. साडेनऊ, दहापैकी.

तिने ते वाचले. "मार्कांसाठी नव्हतं आणलं, सर."

"माहीत आहे मला."

"परवा शेवटची तारीख आहे. मोमीनभाई म्हणाले, हे जोडून सरांनी पत्र दिलं तर वर कोणी नाही म्हणणार नाही."

"गायसमुद्रे, समितीपुढे तू काय सांगितलंस?"

तिने शेजारच्या बस्त्याची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते."

"अहवालात नाव तुझं आहे. माझं नाही."

मी कपाटावरचा अहवाल काढून तिच्यापुढे सत्तेचाळिसावे पान धरले. तिने स्वतःचे वाक्य वाचले. बोट ठेवून, शब्दाला शब्द लावून, सवयीप्रमाणे.

"‘हायेत’चं ‘आहेत’ केलंय," ती म्हणाली.

"हे पान समाजकल्याणला जाईल. माझ्या पत्राने ते खोटं पडेल आणि खोटं बोललीस ती तू, असं होईल. तुझ्या भल्यासाठी सांगतो." शेवटचे वाक्य मी खरोखर उच्चारले.

"माझा मामा नामांतराच्या वेळी दोन महिने दवाखान्यात होता, सर. ते दुसऱ्या विद्यापीठाचं होतं. अजून त्याला एका कानानं ऐकू येत नाही. तो म्हणतो, नाव लई मोठी गोष्ट असती, पोरी, नावासाठी माणसं मेलीत." तिने अहवाल मिटला. "मला वाटायचं, इथं नाव कुणी द्यायचं ते लई विचार करून देत असतील."

चार मिनिटे, मला आठवले.

तिने बारा पाने पुन्हा जुळवून घेतली आणि पहिल्या पानावरच्या लाल आकड्याकडे पाहिले. "अर्धा कशाचा कापला, सर?"

"एक पाठभेद सुटलाय."

"एकसष्ट हायेत. तीनदा मोजले."

"बासष्ट आहेत. शुल्क. अ प्रतीत अठराशे साठ, आ प्रतीत छत्तीस हजार. ते तू नोंदवलं नाहीस."

"ते मुखपृष्ठाच्या मागं छापलंय, सर," ती लगेच म्हणाली. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकावरचा. "धन्यासाठी लिहिलेलं पाठात धरायचं नसतं. तुम्हीच सांगितलं."

तिचे बरोबर होते. ते नियमाला धरून होते आणि नियम माझा होता. तो अर्धा गुण देण्यासाठी मला फक्त एक रेघ मारायची होती. मी पेनाला टोपण लावले.

"बरं, सर," ती म्हणाली.

तिने पाने टेबलावरच ठेवली. "राहू द्या इथं. विभागाच्या कामाला येतील." तिच्या स्वरात उपरोध होता का, हे मी ओळखू शकलो नाही, जरी उपरोध ओळखण्यावर माझी दोन पुस्तके आहेत. मग खाली उरलेला एकच बस्ता तिने उचलून स्वतः शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून वर ठेवला, कपाट लावले, कुलूप घातले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

ती गेल्यावर मी नस्ती पुढे ओढली आणि अभिप्राय लिहिला : अभ्यासक्रम नवा आहे. पाहा, समिती अहवाल, पृष्ठ ४७. खाली सही, शिक्का.

डिसेंबरात परीक्षेला दहा विद्यार्थी बसले. वसतिगृहातली तिची खाट दुसऱ्या मुलीला देण्यात आली. एकदा मला शिष्यवृत्तीच्या खिडकीवरून जावे लागले तेव्हा मोमीनभाई बसल्या जागेवरून म्हणाले, "पाच मिनिटांचं काम होतं, सर." पूर्वी मी आलो की ते उठून उभे राहत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते उठले नाहीत. महानंदाचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. माहीत करून घेणे अवघडही नव्हते.

कपाटे चांगली निघाली. अकराशे चाळीसपैकी एकही पोथी गेलेली नाही.

पाच वर्षांनी पुन्हा समिती आली. तोपर्यंत शुल्क चौऱ्याहत्तर हजार झाले होते आणि वर्गात बेचाळीस विद्यार्थी होते; लांब नावाबद्दल कुलगुरूंचा अंदाज खरा ठरला होता. या खेपेच्या अध्यक्षांना पुरावा हवा होता. नवा अभ्यासक्रम म्हणता, तर त्यात जुन्यात नव्हते असे एक तरी प्रकरण दाखवा. औताडे मॅडम, ज्या आता प्र-कुलगुरू होत्या, माझ्याकडे पाहू लागल्या. मी फाइल पुढे केली.

कारण एक प्रकरण होते. दुसऱ्याच वर्षापासून मी ते शिकवत होतो : समकालीन मुद्रित दस्तऐवजांची पाठचिकित्सा, सोदाहरण. उदाहरण म्हणून अकरा पानांची झेरॉक्स प्रत प्रत्येक विद्यार्थ्याला दिली जात असे, जिच्यात दोन अभ्यासपत्रिका ओळीला ओळ लावून तपासलेल्या होत्या. लाल आकडा झेरॉक्सवर काळा येई. छत्तीस हजार, पुढे पन्नास, पुढे चौऱ्याहत्तर हजार भरणारी मुले त्या पानांवरून समान चुकीचे तत्त्व शिकत आणि हसत. मी हसू देई. अध्यक्षांनी पाने उलटली, आठव्या पानावर थांबले.

"हे विलक्षण आहे," ते म्हणाले. "असं कुठेच पाहिलं नाही. कोणी केलंय?"

"लेखनिकाचं नाव उपलब्ध नाही," मी म्हणालो. आमच्या विद्येत असे सांगण्याची पद्धत आहे. शेवटचे पान गहाळ असले की असेच नोंदवतात.

त्यांनी अहवालात लिहिले, की अभ्यासक्रम सर्वार्थाने नवा आहे. या वेळी ते खरे होते.

शेवटचे पान माझ्या खणात आहे. मूळ कागदांतून ते मी स्वतः, पट्टी लावून, वेगळे केले होते. त्यावर सहा ओळी आहेत :

प्रत अ आणि प्रत आ यांचा हा मेळ महानंदा भुजंग गायसमुद्रे हिने विद्यापीठाच्या वाचनालयात बसून आठ दिवसांत पुरा केला. कार्तिक शुद्ध दशमी. जसे दिसले तसे उतरवले. प्रती दोन, ग्रंथ एक. अधिकउणे काही झाले असेल तर ते सरांनी सांभाळून घ्यावे.